ऑनलाइन दाखले, सातबारा आणि परवाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीच्या निकालानंतर, पीककर्जाच्या हंगामात आणि नवीन दुकान टाकणाऱ्यांकडून आमच्या मदत गटाकडे तेच ते प्रश्न येत राहतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. प्रश्न महाराष्ट्रातल्या सेवांचे आहेत. परदेशातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठीचे दोन शेवटी आहेत. वाचायला बसताना तुमच्या अर्जाचा क्रमांक हाताशी असू द्या, कारण बहुतेक उत्तरं त्याच्यापासूनच सुरू होतात.

१. ऑनलाइन अर्जासाठी सेतूत किंवा सेवा केंद्रात जावंच लागतं का?

नाही. 'आपले सरकार' पोर्टलवर स्वतःचं खातं उघडून घरूनच अर्ज करता येतो. केंद्रातून भरलेला अर्ज लवकर मंजूर होतो हा समज खोटा आहे. दोन्ही अर्ज तहसील कार्यालयातल्या त्याच टेबलावर जातात.

मात्र घरी संगणक नसेल, स्कॅनिंग जमत नसेल, तर केंद्रात जाण्यात काहीच कमीपणा नाही. तिथे दोन गोष्टींचा आग्रह धरा. अर्ज क्रमांक असलेली छापील पावती घ्या आणि अर्जात मोबाइल नंबर तुमचाच घालायला लावा. घाईत केंद्रचालक स्वतःचा नंबर टाकतो, मग त्रुटीचा मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि तुम्ही महिनाभर वाट बघत बसता. शुल्काचा फलक केंद्रात लावलेला असायला हवा. त्यावर आहे तेवढेच पैसे द्या.

२. साइट खरी सरकारी आहे हे कसं ओळखायचं?

पत्त्याच्या सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा आणि पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवट बघा. तिथे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असायला हवं. ही अक्षरं पत्त्यात मध्येच कुठेतरी असून चालत नाही. गुगलवर सर्वांत वर येणारे निकाल बऱ्याचदा जाहिराती असतात, तेही तपासून घ्या.

सगळ्यात जास्त फसवणूक आम्हाला उद्यम नोंदणीत, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत दिसते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी पूर्ण मोफत आहे, तरीही सरकारी वाटाव्यात अशा खासगी साइट तिच्यासाठी हजार-दोन हजार उकळतात. जीएसटी नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही. सल्लागाराने त्याच्या कामाचे पैसे घेणं वेगळं आणि 'सरकारी फी' म्हणून घेणं वेगळं.

३. 'आपले सरकार' नावाच्या दोन साइट दिसतात. अर्ज कुठे करायचा?

एक सेवांसाठी आहे, दुसरी तक्रारींसाठी. दाखला हवा असेल तर सेवांची. दाखला वेळेत मिळाला नाही तरी थेट तक्रारीच्या साइटवर जाऊ नका. त्यासाठी अपिलाची वेगळी वाट आहे आणि ती अधिक धारदार आहे (प्रश्न ८).

४. फोटो आणि कागदपत्रं अपलोडच होत नाहीत. काय चुकतंय?

जवळजवळ नेहमी आकार चुकलेला असतो. आपले सरकारवर फोटो १६० पिक्सेल रुंद आणि ५ ते २० केबीच्या आत लागतो. कागदपत्रं ७५ ते ५०० केबीमध्ये बसवावी लागतात. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो पोर्टल घेत नाही. उलट फार दाबून ४० केबीवर आणलेलं रेशन कार्डही घेत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

लहान केल्यावर फाइल उघडून स्वतः वाचा. नाव, तारीख, शिक्का तुम्हाला वाचता येत नसेल तर कारकुनालाही येणार नाही आणि अर्ज त्रुटीत निघेल. आधी कडेची फरशी-टेबल कापून टाका, मग आकार कमी करा, म्हणजे अक्षरं टिकतात.

५. इंग्रजीत नाव बरोबर भरलं, पण दाखल्यावर मराठीत चुकलं. असं का?

इंग्रजी रकाना भरून पुढे गेलं की मराठी रकाना आपोआप भरला जातो. 'पाटील'चं 'पतिल', 'काळे'चं 'काले', 'साठे'चं 'साथे' होतं ते तिथेच. अर्ज सादर करण्याआधी मराठी रकाने एकेक करून हाताने दुरुस्त करा. वडिलांचं नाव आणि गावाचं नावही बघा. तिकडे कुणी पाहत नाही आणि चूक नेमकी तिथेच राहते. दाखला निघाल्यावर कळलं तर सहसा नव्याने अर्ज करण्यावाचून गत्यंतर नसतं.

६. पैसे कापले गेले, पण अर्ज पुढे गेला नाही. पुन्हा भरू का?

लगेच भरू नका. आधी खात्यातला व्यवहारांचा इतिहास उघडा. पुष्कळदा पैसे पोचलेले असतात, फक्त पान मध्येच बंद पडलेलं असतं. तिथे व्यवहार 'अयशस्वी' दिसत असेल तर रक्कम सहसा काही दिवसांत बँकेत परत येते. तोवर बँकेचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

मुद्रांक शुल्क किंवा नोंदणी फी 'ग्रास' या सरकारी पैसे ऑनलाइन भरायच्या प्रणालीतून भरली असेल तर चिंता आणखी कमी. तिथे प्रत्येक चलनाला जीआरएन क्रमांक असतो. तो टाकून चलन शोधा. पैसे जमा झाले असतील तर ते चलन नंतरही छापता येतं आणि वापरता येतं.

७. दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर मागतात. लागतो का?

लागत नाही. हे ठामपणे सांगतो, कारण या एका गैरसमजापायी विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांचे हकनाक पैसे जातात. जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ झालेलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला तेव्हा गोंधळ वाढला आणि ही माफी कायम असल्याचं महसूलमंत्र्यांना पुन्हा सांगावं लागलं. साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र लिहून सही करा. कागदपत्रांच्या प्रतींवरही स्वतःची सही, म्हणजे स्वयंसाक्षांकन पुरतं.

खासगी करार आणि बँकेची कागदपत्रं यात येत नाहीत. तिथे मुद्रांकाचे नेहमीचे नियम लागू होतात.

८. अर्ज करून मुदत उलटली, पोर्टलवर नुसतं 'प्रलंबित' दिसतंय. काय करायचं?

अपील करायचं. हे उत्तर जरा सविस्तर देतो, कारण हा हक्क लोकांना माहीत नाही आणि माहीत असलेलेही तो वापरत नाहीत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस आहेत. इतर सेवांची मुदत पोर्टलवर त्या सेवेसमोर लिहिलेली असते. सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला पदनिर्देशित अधिकारी म्हणतात. त्याचं पद, मुदत, शुल्क आणि अपील कुणाकडे करायचं, हे कार्यालयातल्या फलकावर लावणं बंधनकारक आहे.

मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला गेला की ३० दिवसांत प्रथम अपील करा. सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतचं अपीलही दाखल करून घेता येतं. त्याने समाधान झालं नाही तर आदेशानंतर ३० दिवसांत द्वितीय अपील. त्यानंतर ६० दिवसांत तिसरं अपील थेट महाराष्ट्र राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला किमान ५०० आणि कमाल ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

अपील पोर्टलवरूनच करता येतं, वकील लागत नाही. मजकूर असा साधा ठेवा: 'अर्ज क्रमांक अमुक, तारीख अमुक, सेवा उत्पन्नाचा दाखला, विहित मुदत १५ दिवस, ती अमुक तारखेला संपली, सेवा मिळाली नाही, कारण कळवलेलं नाही, सेवा देण्याचा आदेश व्हावा.' कार्यालयात कोण काय बोललं, किती खेपा घातल्या, हे लिहू नका. मुद्दा मुदतीचा आहे, तो दोन तारखांनीच सिद्ध होतो.

प्रत्यक्षात पहिलं अपील दाखल झालं की बहुतेक दाखले हलतात. 'अपील केलं तर साहेब चिडतील' ही भीती आम्ही रोज ऐकतो. माझं मत स्पष्ट आहे: न वापरलेला हक्क कार्यालयाच्या नोंदीत दिसतच नाही. अपिलं आली नाहीत तर कागदोपत्री तिथे सगळं वेळेतच चाललेलं असतं.

९. अर्ज त्रुटीसाठी परत आला. मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात का?

कायद्यातली मुदत सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून धावते. त्यामुळे खरोखर कागद राहिला असेल तर तो जोडल्याच्या दिवसापासून मोजा. नाकारलेल्या अर्जाची कारणं लेखी देणं मात्र अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. नुसतं 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा आला तर कोणता कागद, हे विचारा आणि त्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. आधीच जोडलेला कागद पुन्हा मागितला असेल तर तो स्क्रीनशॉटच अपिलात तुमचा पुरावा ठरतो.

१०. दाखल्याच्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड' येतंय. दाखला खोटा आहे का?

नाही. तुमच्या संगणकावरच्या ॲडोबी रीडरला सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची ओळख पटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाइल संगणकावर उघडा. मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये हे जमत नाही. सहीच्या चौकटीवर उजवं क्लिक करा, 'व्हॅलिडेट सिग्नेचर', मग 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', त्यात 'शो सायनर्स सर्टिफिकेट'. डावीकडच्या साखळीत सर्वांत वर 'सीसीए इंडिया' नावाचं प्रमाणपत्र दिसेल, ते निवडा. 'ट्रस्ट' या भागात जाऊन 'ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स' दाबा आणि सही पुन्हा तपासा. हिरवी खूण येईल. एकदा केलं की त्या संगणकावर पुढच्या वेळी सहसा करावं लागत नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकीच मान्यता दिलेली आहे. छापील प्रतीची खात्री मात्र त्या खुणेवरून नाही, तर दाखल्यावरचा क्रमांक किंवा क्यूआर कोड पोर्टलवर तपासून करायची असते. 'शिक्का मारून आणा' म्हणणाऱ्या संस्थेला हेच सांगा.

११. महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो. मग पंधरा रुपये कशाला भरायचे?

फुकटचा उतारा फक्त माहितीसाठी आहे. तसं त्यावर लिहिलेलंच असतं. कर्ज, न्यायालय किंवा खरेदी यासाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घ्या. त्याला प्रति उतारा १५ रुपये पडतात. त्यावर क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असतो, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. (तलाठी हे पदनाम २०२४ मध्ये बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झालं; गावात कुणी तसं म्हणत नाही, पण अर्ज लिहिताना लक्षात ठेवा.)

१२. वडील वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावं ऑनलाइन लागतात का?

अर्ज ऑनलाइन होतो, नोंद मात्र चौकशीनंतरच होते. ई-हक्क प्रणालीत वारस नोंद, बोजा चढवणं किंवा उतरवणं, अपाक (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस अल्पवयीन असताना लागलेला) शेरा कमी करणं, एकत्र कुटुंब कर्त्याची नोंद काढणं असे अर्ज घरून करता येतात. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि रीतसर सुनावणी होते. तिथे पोर्टलचं काम संपतं.

बहिणींची नावं अर्जात वगळू नका. 'त्यांनी हक्क सोडलाय' असं तोंडी म्हणून चालत नाही; नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. वारस नोंदीत सगळ्यांची नावं आधी येतात, हक्कसोड त्यानंतर.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव बरोबर होतं आणि संगणकीकरणात चुकलं, तर वारस नोंदीचा अर्ज करू नका. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा आणि जुन्या उताऱ्याची नक्कल जोडा.

१३. डिजिलॉकरमधला कागद अमुक कार्यालय घेत नाही. घ्यायलाच हवा का?

डिजिलॉकरमध्ये दोन प्रकार असतात. 'इश्यूड' म्हणजे संबंधित खात्याने थेट पाठवलेले कागद. २०१७ च्या नियम दुरुस्तीने त्यांना मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा आहे. 'अपलोडेड' म्हणजे तुम्ही स्वतः चढवलेले फोटो किंवा स्कॅन. त्यांना तो दर्जा नाही. लायसन्सचा फोटो अपलोड करून ठेवणारे वाहतूक पोलिसांसमोर अडतात ते यामुळे. 'इश्यूड'मध्ये जाऊन तोच कागद खात्याकडून मागवून घ्या.

१४. आम्ही पुण्यात राहतो, मूळ गाव नांदेड जिल्ह्यात. जातीचा दाखला पुण्यातून काढता येईल का?

तुमचं कुटुंब एका ठरावीक तारखेला कुठे राहत होतं, यावर ते ठरतं. ही मानीव तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्या दिवशी आजोबा नांदेडकडे राहत असतील तर अर्ज तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. अर्ज पुण्यात बसून भरता येतो, फक्त जिल्हा-तालुका निवडताना मूळ गावाचा निवडा. चुकीचा तालुका हे नामंजुरीचं फार नेहमीचं कारण आहे.

जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैधतेचं प्रमाणपत्र जात पडताळणी समिती देते. त्यासाठी प्रवेशाच्या तोंडावर नाही, अकरावीतच हालचाल सुरू करा.

१५. दुकान सुरू करतोय, कामाला दोघंच आहेत. शॉप ॲक्ट लायसन्स काढावं लागेल का?

लायसन्स नाही, सूचना द्यावी लागते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणीची मर्यादा दहा कामगारांची होती, २०२५ मध्ये ती वीसवर नेली. त्याखालच्या दुकानदाराने ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच घ्यायची. बँकेत चालू खातं उघडताना 'शॉप ॲक्ट' मागतात तेव्हा हीच पोच द्यायची असते. ती काढून देण्यासाठी एजंट 'परवाना' म्हणून मोठी रक्कम सांगत असेल तर प्रश्न २ पुन्हा वाचा.

अर्जासोबत दुकानाच्या पाटीचा फोटो लागतो आणि पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम एकट्याने चालवलेल्या दुकानालाही आहे. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पाटी रंगवायला देण्याआधीच हे बघा. खाद्यपदार्थ विकणार असाल तर अन्न परवाना वेगळा, तो या पोचेत येत नाही.

१६. भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केलीय. तरी ऑनलाइन नोंदणी हवी का?

हो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग तो कितीही महिन्यांचा असो. अकरा महिन्यांची पळवाट महाराष्ट्रात नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

ही नोंदणी घरबसल्या होते. आधार, अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र आणि वेबकॅम एवढं लागतं, दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वार्षिक १० टक्क्याने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्क्याने निघतं.

१७. प्रत्येक खात्याची वेगळी साइट, वेगळं लॉगिन आणि कागद मात्र तेच ते. सरकारकडे माहिती आहे, मग पुन्हा का मागतात?

कारण पोर्टलं नंतर आली, नोंदवह्या आधीच्या आहेत. सातबारा भूमी अभिलेखाकडे, दस्त नोंदणी महानिरीक्षकांकडे, दाखले तहसीलकडे, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. प्रत्येकाने स्वतःची वही संगणकावर आणली तेव्हा नावं लिहिण्याची पद्धतही जशीच्या तशी आली. सातबाऱ्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, गुणपत्रिकेवर आईचं नाव जोडलेलं. एकाच माणसाची ही तीन नावं संगणकाला तीन माणसं वाटतात, म्हणून शेवटी कागद मागून माणसानेच जुळवायचं काम उरतं.

जिथे वह्या खरोखर जोडल्या गेल्या तिथे फरक दिसतो. खरेदीखत नोंदवलं की त्याची माहिती नोंदणी विभागाकडून ई-फेरफारमध्ये जाते आणि फेरफाराची प्रक्रिया सुरू होते; पूर्वी त्यासाठी खत घेऊन तलाठ्याकडे जावं लागायचं. नवीन सेवा बांधणाऱ्यांना आमची एवढीच मागणी आहे की आधी असे जोड करा, नवं ॲप मग काढा. आणि 'प्रलंबित' या शब्दाच्या जागी अर्ज कोणत्या पदाकडे, कोणत्या तारखेपासून आहे ते दाखवा.

तोवर तुमच्याकडून एक करता येईल. आधार, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. नाव खरंच बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत कायम जवळ ठेवा.

१८. मी परदेशात असतो. गावाकडच्या जमिनीची कामं इथून होतील का?

उतारे काढणं, फेरफारावर लक्ष ठेवणं होतं. अडतं ते ओटीपीवर: आधारचा ओटीपी परदेशी नंबरवर जात नाही, त्यामुळे भारतातला नंबर चालू ठेवा. काही सरकारी साइट बाहेरून उघडतच नाहीत. सही लागणाऱ्या कामांसाठी भारतीय वकिलातीसमोर कुलमुखत्यारपत्र करा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत चुकलेले दस्त आम्ही फार पाहतो. कुलमुखत्यारपत्रात गाव, गट क्रमांक आणि नेमकं काम लिहा.

१९. गोव्यात हेच नियम आहेत का?

नाही. तिथे 'गोवा ऑनलाइन' हे पोर्टल आहे आणि मुदतीचा हक्क २०१३ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने मिळतो, त्यामुळे प्रश्न ८ मधल्या मुदती तिथे लावू नका. सातबाऱ्याच्या जागी तिथे 'फॉर्म एक आणि चौदा' असतो आणि तालुक्याला तहसीलदाराऐवजी मामलेदार. सिंधुदुर्गात घर आणि पेडण्यात जमीन असणाऱ्यांना दोन्हीकडे वेगवेगळी खाती उघडावी लागतात.